मागचा डावा दिवा

चौसाळ्यात हायवेच्या कडेला माझं दुकान होतं. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असं रंगवून घेतलं होतं, पण तो शब्द गावाच्या तोंडी कधी बसला नाही. कुणी वायरवाला म्हणे, कुणी लाईटवाला, आणि ट्रकवाले नुसतं मिस्त्री. आता दुकान बंद आहे. बारीक तार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुलीकडे अंबाजोगाईला येऊन राहिलोय. शेजारचे गुरुजी दिवाळी अंक काढतात. त्यांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून पिच्छा पुरवला. मी म्हटलं, करंट डोळ्याला दिसत नाही, त्याच्याबद्दल काय लिहायचं? ते म्हणाले, ज्यांच्या गाड्यांत तो होता ती माणसं तर दिसली ना.

ते खरं आहे. माणसं दिसली, आणि बहुतेक चांगलीच दिसली.

आमच्या कामात बिघाड दोन जातींचे. एक ठाण मांडून बसलेला. दिवा लागत नाही म्हणजे नाही. तो सापडायला सोपा, कारण तो पळत नाही. दुसरा येऊन-जाऊन असणारा. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की रस्त्यात दिवा मेला होता, आणि दुकानापुढं गाडी उभी केली की दिवा लख्ख. लेकराचा ताप दवाखान्याच्या पायरीवर उतरतो ना, तसं. या दुसऱ्या जातीनं माझे केस पिकवले.

त्यात इंडिकेटर म्हणजे त्या काळात आमच्याकडे दागिना होता. वळायचं तर ड्रायव्हर हात बाहेर काढायचा, नाहीतर क्लीनर दरवाजा थापटायचा. उमापूरकडचे एक बागायतदार जीप घेऊन आले होते. तक्रार काय, तर इंडिकेटर आपोआप बंद होतो. मी पाहिलं, वळण झालं की दांडी आपली जागेवर येत होती, जशी यायला पाहिजे तशी. त्यांना ते पटेना. घरापर्यंत दिवा लुकलुकत, आमच्या भाषेत उडत, राहिला पाहिजे, गाडी लग्नातली वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एका टेम्पोवाल्यानं तर सगळे बल्ब काढून फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले होते. का, तर रस्त्यात फुटू नयेत. अशा लोकांत मी इंडिकेटर दुरुस्त करत होतो.

मी या धंद्यात आलो तो वडिलांमुळे. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा, आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत. मी आजोबांजवळ राहायचो. थोडा मोठा झालो तशी मुकादमानं तोडणीला न्यायच्या नजरेनं माझ्याकडे बघायला सुरुवात केली. वडिलांनी मला उचललं आणि बीडला एका मिस्त्रींच्या दुकानात नेऊन बसवलं. ते माझे उस्ताद. वडील त्यांना एवढंच म्हणाले की याच्या हातात कोयता द्यायचा नाही मला, तुमी काय बी द्या. उस्तादांनी टेस्ट लॅम्प दिला. एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच ते हत्यार असतं. त्यावर माझं सगळं आयुष्य निघालं.

आता त्या गाडीचं सांगतो.

त्या साली पाऊस आलाच नाही. दोनदा ढग येऊन गेले, लोकांनी पेरलं, आणि पेरलेलं करपून गेलं. जनावरं छावणीत गेली. दूध आटलं. आमच्याकडच्या दूध संघाच्या संकलन केंद्रासमोर एरवी सकाळी सायकलींची गर्दी असायची. त्या साली तिथं रिकामे कॅन उपडे घालून ठेवलेले दिसायचे. हाताला काम नाही म्हणून नेहमीपेक्षा जास्त माणसं ऊस तोडायला गेली. माझे आईवडीलही गेले. माझ्या दुकानावर घर चालेल अशी परिस्थिती नव्हती. दुष्काळात गाडीचे दिवे कोण दुरुस्त करतो?

दूध संघाचे चेअरमन नानासाहेब आमच्या भागातलं मोठं घर. त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून परदेशी गाडी घेतलेली होती. जर्मनीची, सायीच्या रंगाची, लांबलचक. कंपनीचं नाव सांगत नाही; झालं त्यात तिचा काही दोष नव्हता. वडील गेल्यावर ती गाडी नानासाहेबांच्या आई वापरायच्या. त्यांना सगळा तालुका आक्का म्हणायचा. गाडी चालवायचे रशीदमामा, घरातले जुने ड्रायव्हर. त्या गाडीत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला होती. रशीदमामा सांगायचे की पहिली काही वर्षं ते वळायच्या वेळी वायपर लावायचे आणि लोक आभाळाकडे बघायचे.

दिवाळीनंतर मामा गाडी घेऊन आले. मागचा डावा इंडिकेटर कधी लागतो, कधी लागत नाही. मी दांडी खाली केली. टिकटिक भराभर वाजायला लागली. ही गाडीची भाषा असते. एका बाजूचा एखादा बल्ब गेला की टिकटिक वेगानं होते, म्हणजे ड्रायव्हरला कळावं. बल्ब काढला, काळा पडलेला. नवा घातला. टिकटिक ठेक्यात आली. मामा चहा पिऊन गेले.

काही आठवड्यांत परत हजर. या वेळी बल्ब चांगला होता, पण मामांनी ब्रेक दाबला की इंडिकेटर गुदमरायचा आणि शेजारचा लाल दिवा त्याच्याबरोबर लुकलुकायचा. हे लक्षण अर्थचं. बाहेरच्यांना समजावं म्हणून सांगतो. बॅटरीतून करंट वायरीनं दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे येतो. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. ती वाट गंजानं बंद झाली की करंट शेजारच्या दिव्यात शिरून वाट शोधतो, आणि मग एक दाबावं तर दुसरं लागतं. आपल्याकडे अर्थची वायर काळी असते, त्या गाडीत तपकिरी. ती शोधून काढली, पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला. मला वाटलं, झालं.

नाही झालं. परत तेच. मग मी फ्लॅशर, म्हणजे दिवा उडता ठेवणारी डबी, बदलली. चारी दिवे एकदम उडवायचं बटण असतं, ते उघडून त्याचे पॉइंट साफ केले, कारण अशा गाड्यांत इंडिकेटरचा करंट त्या बटणातून जातो. डिकीच्या बिजागरीपाशी वायरी वाकून आतल्या आत तुटतात, त्या एकेक करून तपासल्या. सगळं ठीक. दुकानात दिवा कसा ऐटीत उडायचा, आणि रस्त्यावर गेला की मरायचा.

शेवटी नानासाहेब स्वतः आले. रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. त्या दिवसांत त्यांचा सगळा वेळ चारा आणि टँकर यातच जायचा. ते मला म्हणाले, “दत्ता, तुला जमत नसंल तर तसं सांग. मी राग मानणार न्हाई. गाडीच जुनी झालीय. विकून टाकतो. आक्काला कुठं जायचं आसंल तर संघाची जीप हाय.”

मी मान खाली घातली. पण रशीदमामांकडे माझं लक्ष गेलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. गाडी त्यांच्या बापाची नव्हती, नोकरीही जाणार नव्हती. जीप त्यांनीच चालवली असती किंवा दुसरं काम मिळालं असतं. एवढं वाईट वाटून घेण्यासारखं काय होतं ते मला कळेना. मी नानासाहेबांना म्हटलं, एक बार अजून बघू द्या. ते बरं म्हणून गेले.

त्या वेळी मी मागचा दिवा पूर्ण बाहेर काढला. होल्डरच्या पितळेवर हिरवट थर आला होता आणि तपकिरी वायरीच्या टोकावर पांढरी खार बसली होती. थोडी बोटावर घेऊन जिभेला लावली. उस्तादांची सवय, मला लागलेली. चव मचूळ. आमच्याकडच्या खोल गेलेल्या बोअरच्या पाण्याची असते तशी.

मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. पावसाचा थेंब नसलेल्या वर्षात या गाडीला पाण्यानं गंज चढत होता. धुण्याचं पाणी म्हणावं तर नानासाहेबांनी घरातली आणि संघाची कोणतीच गाडी धुवायची नाही म्हणून बजावलेलं. मामा कोरड्या फडक्यानं पुसायचे. डिकीतली सतरंजीही मामांनी काढून टाकलेली होती. विचारलं तर म्हणाले, जुनी झालती. पाणी आलं कुठून म्हणून विचारलं तर आभाळाकडे बघून म्हणाले, “अल्लाको मालूम, दत्ता. तू तार बघ.”

मामा खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणून त्यांना ते जमतही नव्हतं.

दिवा दुरुस्त करून दिला, पण मामांना सांगितलं की मला एकदा चालत्या गाडीत बसून ऐकायचंय. ते टाळाटाळ करत राहिले. आक्का दर गुरुवारी डोंगराकडच्या दत्ताच्या देवळात जायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी गाडी दुकानावरून जाताना मी रस्त्यात उभा राहून हात केला. मामांनी नाइलाजानं थांबवली. मी खिडकीत वाकून परत तेच म्हटलं. मामा नाही म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या सीटवरून आक्का म्हणाल्या, बसू दे त्याला.

मी पुढं मामांच्या शेजारी बसलो. गाडी हलली आणि मला मागून आवाज आला. घागर घेऊन चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर येतो तो, डुचमळणाऱ्या पाण्याचा. मी मागं वळून पाहिलं. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. देऊळ आलं, मागं गेलं, गाडी थांबली नाही.

पुढं हायवेला डावीकडे एक माळ लागतो. माळावर ऊसतोड्यांची वस्ती आहे. रस्ता माळाखालून जातो, आणि वस्तीत जायचं तर पुढच्या फाट्यावर डावीकडे वळून उलटं मागं यावं लागतं. फाट्याच्या अलीकडे मामांनी दांडी खाली केली. मी कान देऊन बसलो होतो. टिकटिक ठेक्यात चालू झाली. मामांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि ठेका मोडला. एक लांब टिक, मग काहीच नाही. पुढच्याच क्षणी मागून ट्रकचा कर्कश हॉर्न, टायरं घासल्याचा आवाज, आणि एक भरलेला ट्रक आमच्या उजव्या अंगाला घासण्याइतका जवळून निघून गेला. ड्रायव्हरच्या शिव्या वाऱ्यावर ऐकू आल्या. त्याची चूक नव्हती. पुढची गाडी वळणार आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मामांनी गाडी फाट्यावर घेऊन थांबवली. आक्कांनी विचारलं, “रशीद, पाणी सांडलं का रं?”

तेव्हा मी खाली उतरून डिकी उघडली. आत कळशा आणि घागरी, तोंडाला फडकी बांधलेल्या. उजवीकडे स्टेपनी, म्हणून सगळी भांडी डाव्या बाजूला दाटीनं लावलेली. फडकी भिजलेली, आणि पाण्याचा ओघळ दिव्याच्या मागच्या पत्र्यावरून खाली चाललेला. इतके दिवस मी जो बिघाड शोधत होतो तो माझ्यासमोर गळत होता.

वस्तीत गेलो तर तिथं म्हातारी माणसंच होती. तरणी सगळी ऊस तोडायला कर्नाटकात, पश्चिम महाराष्ट्रात गेलेली. काही शेळ्या, दोन-तीन कुत्री, दारात वाळत घातलेली गोधडी. एक किसनबाबा म्हणून होते, गुडघ्यांनी अधू. ते आक्कांना म्हणाले, “आक्का, आज बी दिवा उडाला न्हाई बगा. मला वाटलं गाडी फुडं गेली.”

मला अर्थ लागेना. मग मामांनी सांगितलं. माळावरून खालचा रस्ता दिसतो. सायंकाळच्या उजेडात गाडीची पाठ आणि तिचा डावा दिवा फाट्यावर उडताना दिसला की ही माणसं उठायची आणि रिकामी भांडी घेऊन हळूहळू वाटेपर्यंत चालत यायची. त्यांना तेवढा वेळ लागायचा. दिवा दिसला नाही तर गाडी पुढं गेली समजून दारात बसून राहायची. मग मामा, त्या वयात, एकेक घागर खांद्यावर घेऊन दारोदार जायचे.

मी मामांच्या हातातली घागर घेतली. सगळी भांडी आम्ही दोघांनी मिळून पोचवली. एका दारात एक आजी आणि तिच्याजवळ एक लहानगी नात बसलेली होती. घागर ठेवताना मला माझे आजोबा आठवले. आईवडील गेले की आम्ही दोघं असेच बसायचो. विहिरीवर आजोबा पोहरा सोडायचे, पण भरलेला वर ओढायची ताकद नसायची. मग कुणी येणारा-जाणारा थांबेपर्यंत दोर धरून उभे राहायचे. कुणीतरी थांबायचंच. ती माणसं कोण होती मला माहीत नाही, पण त्यांच्या पाण्यावर मी वाढलो.

परत येताना आक्कांनी आपणहून सांगितलं. टँकर वस्तीवर येतो, रोज येतो, नाना त्यात कसूर करत नाही. पण टँकर पाणी ओततो विहिरीत. “इहिरीतून शेंदायला हात लागत्यात, दत्ता. आन् हात तर ऊस तोडायला गेलेत.” एकदा पुढच्या गावाहून येताना त्यांनी किसनबाबांना विहिरीच्या काठावर रिकामा पोहरा घेऊन बसलेलं पाहिलं होतं. तेव्हापासून घरच्या बोअरचं पाणी गाडीतून चाललं होतं. मोठ्या कॅनमध्ये का नाही नेत, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, भरलेला कॅन म्हाताऱ्याला उचलंल का? भरलेली कळशी द्यायची, रिकामी परत आणायची, हे बरं पडतं.

मी म्हटलं, आक्का, मी वायर वर घेतो, जोडाला ग्रीस भरतो, नवा अर्थ देतो. पण पाणी आज ना उद्या वायरीपर्यंत पोचणारच. आणि आज तो ट्रक चुकला, उद्याचा चुकंल का? नानासाहेबांना सांगा.

 आक्का म्हणाल्या, “नाना वाईट न्हाई. पर त्याला कळलं की त्याची माणसं फोटोवाला घेऊन येतील. म्हाताऱ्यांना हार घालून उभं करतील, हातात घागर देतील. त्यांची लेकरं परमुलखात राबायलीत. त्यांच्या आईबापाचं पाणी पेपरात कशापायी यावं?”

मामांनी आक्कांना घरी सोडलं आणि गाडी परत आणून दिली. मी ती दुकानात ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा खोलून बसलेलो, तेवढ्यात संघाची जीप आली. नानासाहेब उतरले आणि त्यांच्यामागं आक्का. मला वाटलं, गाडी न्यायला आले. नानासाहेबांनी विचारलं, सापडलं का रं काही. मी हातातली वायर पुसत राहिलो. खोटं बोलायचं नव्हतं, आणि आक्कांनी विश्वासानं सांगितलेलं बोलायचंही नव्हतं. माझी अडचण आक्कांनी ओळखली असावी. त्या दुकानातल्या बाकावर बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, त्याला नको इचारू, मला इचार.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवार, घागरी, किसनबाबा, कालचा ट्रक. आवाज न चढवता, घरात बसून सांगावं तसं. नानासाहेब उभेच होते. मध्येच एकदा ते म्हणाले की टँकर तर जातो ना तिथं.

“जातो,” आक्का म्हणाल्या. “इहिरीपर्यंत जातो. मान्सापर्यंत न्हाई जात.”

नानासाहेब माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसले. चेअरमन माणूस, पांढऱ्या कपड्यांत, ग्रीसच्या डागांवर. हायवेवरून गाड्या जात होत्या, कुणी कुणी नमस्कार करत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, “आक्का, तू मला सांगितलं न्हाईस, ह्याचं मला जास्त लागलं.”

“तुला सांगितलं आस्तं,” आक्का म्हणाल्या, “पर तू एकटा कुठं आस्तोस?”

एवढंच बोलणं झालं. कुणी कुणाला दोष दिला नाही. नानासाहेब उठले, डिकीत वाकून त्यांनी तो गंजलेला पत्रा बोटानं चाचपून पाहिला, आणि मला विचारलं की संकलन केंद्रावरचे छोटे कॅन डिकीत बसतील का. दुधाच्या कॅनचं झाकण घट्ट असतं. गाडी कितीही हिसकली तरी थेंब बाहेर येत नाही. मी म्हटलं, बसतील. मग स्वतःच मान हलवून म्हणाले, पण गाडी कशाला? संघाची दुधाची गाडी अर्धी रिकामी फिरतीय. केंद्रावरच्या दोन माणसांना काम नाही. ते विहिरीतून पाणी शेंदतील, कॅन भरतील, दारापर्यंत नेऊन त्यांच्या भांड्यात ओततील. आणि फक्त त्या माळावरच कशाला, ज्या ज्या वस्तीत म्हातारे मागं राहिलेत तिथं सगळीकडे.

तसंच झालं. दुधाचे कॅन धुऊन त्यातून पाणी जायला लागलं. फोटोवाला कुणी आला नाही. येणार होता म्हणे, संघातल्याच कुणीतरी बोलावला होता. नानासाहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. पुढच्या निवडणुकीत नानासाहेब पडले. एखादा फोटो असता तर पडले नसते, असं लोक म्हणायचे. मी मत त्यांनाच दिलं होतं.

आक्कांचा गुरुवार मात्र सुटला नाही. गाडी विकली गेली नाही. दुधाची गाडी सकाळी जायची आणि आक्का संध्याकाळी, आता नुसत्या भेटायला. जाताना कुणाला औषध, कुणाला भाकरीचं पीठ. मी दिव्याचा जोड वर घेऊन नवा अर्थ दिला होता. त्यानंतर तो दिवा एकदाही माझ्याकडे आला नाही. रशीदमामा मात्र यायचे. फाट्यावर दांडी खाली केली की माळावर माणसं हालताना दिसतात, हे ते मला दर वेळी नव्यानं सांगायचे, आणि मी दर वेळी नव्यानं ऐकायचो.

त्या दिवसानं मला काय दिलं तेही सांगायला पाहिजे. नानासाहेबांनी संघाच्या सगळ्या गाड्यांचं वायरिंगचं काम माझ्याकडे दिलं. उपकार म्हणून नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं की तू सारखी सारखी तीच वायर बदलत बसला नाहीस, गाडी कुठं जाते ते बघायला गेलास, म्हणून. खरं तर ते मला उस्तादांनी शिकवलं होतं: दिवा दुकानात लागत असेल तर दुकान सोडायचं. पण त्या दुष्काळात, हायवेवरची निम्मी दुकानं बंद पडली असताना, संघाच्या गाड्यांनी माझं दुकान उघडं ठेवलं. पुढच्या साली पाऊस बरा झाला तेव्हा दूध वाढलं, गाड्या वाढल्या, आणि माझं काम वाढलं.

पाऊस झाल्या साली दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक नेहमीसारखा चौसाळ्याला थांबला. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. आमच्या घरातला कोयता त्या साली जाणार नव्हता. वडिलांनी मुकादमाला आधीच तसं सांगितलं होतं. तरी ट्रक आला म्हटल्यावर ते घरात थांबले नाहीत. आईला घेऊन माझ्या दुकानापुढं येऊन उभे राहिले. ट्रकमध्ये ओळखीची माणसं चढत होती. भांडी, सरपणाच्या मोळ्या, शेळ्या, सगळ्यात वर बसवलेली लेकरं. आई प्रत्येक बाईशी बोलत होती. वडील नुसते वर बघत होते. आयुष्यभर ते त्या ट्रकच्या वर असायचे. खालून तो कसा दिसतो हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असणार.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली, हायवेवर घ्यायची म्हणून दांडी दाबली. वडील ट्रकच्या मागं गेले, वाकून बघितलं, आणि मला हाक मारली. “दत्ता, इकडं ये. ह्याचा दिवा लागंना.”

ड्रायव्हर वरून ओरडला की उशीर होतोय, पुढच्या मुक्कामाला बघू. वडील ट्रकसमोर जाऊन उभे राहिले. ते कधी कुणाला अडवणारे नव्हते.

“थांब बाबा जरा,” ते म्हणाले. “माणसं हायत वर.”

मी टेस्ट लॅम्प घेऊन मागं गेलो. साधा बिघाड होता, ठाण मांडून बसलेला. वायर तुटली होती. जोडली, पट्टी गुंडाळली. ड्रायव्हरला दाबायला सांगितलं. दिवा उडायला लागला. वडील बाजूला झाले. ट्रक हळूहळू हायवेवर चढला, आणि आई, वडील आणि मी तो दिसेनासा होईपर्यंत दुकानापुढं उभे राहिलो.